मुठीतले तांदूळ

खरं सांगते, त्या गुरुवारी माझा देवावरचा विश्वास पार उडालेला होता, आणि पायातही काही उरलं नव्हतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. डोल्मा ही तिबेटी निर्वासित, दर हिवाळ्यात नगरमध्ये आमच्या कॉलेजबाहेर स्वेटर मांडून बसायची. आम्ही तिच्याकडे गप्पा मारायला जायचो, स्वेटर घ्यायला कमीच. त्या वर्षी तिच्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपली आणि तिला आत टाकलं. कोर्टाने जामीन मंजूर केला, पण जामीन राहणारा माणूस इथला हवा, त्याच्या नावावर जमीन हवी. परदेशी बाईसाठी कोण राहणार? शहरात सगळ्यांनी हात वर केले. माझं घर भिंगारला, वडील लष्कराच्या ऑफिसात कारकून, क्वार्टर सरकारी, नावावर गुंठाभर रान नाही. म्हणून आम्ही तिघी मैत्रिणी श्रीगोंद्याच्या रस्त्याने चालत निघालो. गावागावात देवळात थांबायचं, डोल्माची गोष्ट सांगायची आणि जामीन मागायचा.

निघताना काय उत्साह होता. नंतर नुसती धूळ, उसाच्या गाड्या आणि टाचांना फोड. लोक उभ्या उभ्या ऐकायचे आणि जामिनाचं नाव काढलं की पांगायचे. एका पारावर एक काका म्हणाले, "पोरी, सख्ख्या मेव्हन्याला जामीन ऱ्हायलो तर त्यो पळाला. आन् तू चिनी बाईसाठी मागती?" मी म्हटलं, चिनी नाही, तिबेटी. "मंग तर लईच लांब पळंल," ते म्हणाले, आणि सगळा पार हसला. मीही हसले. मग देवळामागे जाऊन रडले. देवाला म्हटलं, एक माणूस मागतेय, तेवढाही नाही तुझ्याकडे?

श्रीगोंद्याच्या अलीकडच्या गावात पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. एका मैत्रिणीने देवीच्या देवळातल्या भोंग्यावरून सांगून टाकलं, कहाणी ऐकायला या. मार्गशीर्षातला गुरुवार आहे हे आमच्या तिघींच्याही डोक्यात नव्हतं. बायका हातपाय धुऊन आल्या, हळदीकुंकू घेऊन, मुठीत अक्षता धरून बसल्या. त्यांना वाटलं लक्ष्मीची कहाणी आहे. चूक सांगायचं त्राणच नव्हतं माझ्यात. तोंडाला आलं ते बोलत सुटले. आटपाट नगर होतं, डोंगरापल्याड, बर्फात. तिथे एक पोर होती, बापाच्या पाठीवर बसून ती डोंगर उतरली. पुढे बसलेली एक म्हातारी, गाव तिला बायजाआत्या म्हणायचं, प्रत्येक वाक्याला "हं" म्हणत होती. त्या हुंकारावर मी चालत राहिले, कोठडीपर्यंत आले आणि थांबले.

"मंग?" आत्या म्हणाली.

"मग काही नाही आत्या. ती आतच आहे."

"आगं मंग पुरी कर की. आसं अर्ध्यात सोडत्यात व्हय? हातात तांदूळ हायेत माज्या."

"पुढचं अजून घडलंच नाही. कुणी जमीनवाला जामीन राहिला तर घडेल."

खांबाला टेकलेला तिचा मुलगा म्हणाला, "आये, वाहा ते देवीला आन् चल. म्हशी वरडाय लागल्यात."

"अर्ध्या कहानीचं तांदूळ वाहू व्हय देवीला? तू जा, धारा काढ. जमिनीचा उतारा माज्या नावावर हाय."

तिने तांदूळ पदराच्या गाठीत बांधले. सकाळी उतारा पिशवीत घालून ती आमच्याबरोबर एसटीत बसली. मुलगाही आला, नगरपर्यंत तोंड फुगवून. कोर्टात आत्याने अंगठा उठवला आणि संध्याकाळी डोल्मा तुरुंगाबाहेर आली. आत्याने तिला खालीवर न्याहाळलं, गाठ सोडली, तांदूळ तिच्या डोक्यावर टाकले. "लई वाळलीस गं," म्हणाली, आणि मुलाला विचारलं, परतीची गाडी कितीला हाय. डोल्माला काही कळेना, ती आमच्याकडे बघत राहिली. मला तिला धड मिठीही मारता आली नाही. तुरुंगाच्या पायरीवर बसले ती तिथेच झोपले.

मला देवी दिसली नाही, आवाज ऐकू आला नाही. एवढंच माहीत आहे की, नीट ठरवून, पाठ करून सांगत होते तोवर कुणी पुढे आलं नाही. सगळं हातातून सुटलं, चूक सुधारायचीही ताकद उरली नाही, तेव्हा कुणीतरी समोर बसून हं म्हणालं. ते कोण म्हणालं यावर मी वाद घालत नाही. आता देवापुढे बसले की काय कर ते त्याला सांगत नाही. दमलेय एवढंच सांगते, आणि गप्प बसते.