टर्नरकाकांची लोकर

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका पूर्वी इथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लेथवर टर्नर होते. त्यांची लेक परदेशात शेतावर लांब मानेचे अल्पाका पाळते आणि दिवाळीच्या सुमारास त्यांची लोकर पाठवते. काका ती टकळीवर कातून विणतात, धाग्याची जाडी व्हर्नियरने मोजतात. मी विणलेले दोन मफलर त्यांनी आपल्या कानडीमिश्रित मराठीत "स्वल्प सैल आहे, अक्का," म्हणत अख्खे उसवले.

औषधांनी आईचे केस गेले, तेव्हा मी तिच्यासाठी त्याच लोकरीची टोपी विणली. ती वाकडी झाली. काकांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"उसवा," मी म्हटलं.

"नको, थंडी सुटलीय," म्हणत ते स्वतःच टोपी घेऊन वर आले.

आईने ती घालून विचारलं, "छान दिसते का हो?"

काकांना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, "दोन्ही कान झाकलेत."