पटाच्या मैदानात दोन मोटारी

आमच्या बाबांना बैलांतलं सगळं कळायचं, मोटारीतलं काडीचंही नाही. पण कबूल करतील तर शपथ. लांजीकडे आमची धानाची शेती होती आणि दरवर्षी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, आमची जोडी पळायची. त्यामुळे घरात जुनी मोटार घ्यायचं ठरलं, तेव्हा परीक्षाही पटाच्याच रीतीनं झाली.

बालाघाटहून दोन लहान गाड्या दिवसभरासाठी मागवल्या. एक चार दारांची, दणकट, पण स्टिअरिंग इतकं जड की माझा थोरला भाऊ वळवताना घामाघूम व्हायचा. दुसरी दोन दारांची, बुटकी, पाय टेकवला की सुटायची आणि बोटभर फिरवलं की वळायची. दादाचं म्हणणं, बैहरच्या घाटात नेऊ, वळणावर कोण रस्ता धरते ते कळेल. बाबांना ते पटेना. पळणारं सरळ पळवून पाहावं, वळणाचं काय घेऊन बसलास, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला आणि दादाला दोन्ही गाड्या पटाच्या मैदानात पळवायला लावल्या.

पटात शेवटच्या टोकाला मालक हात पसरून उभा राहतो. त्याला पाहून जोडी आवरते. बाबा सवयीनं तिथंच जाऊन उभे राहिले, आणि मैदानातल्या एकाही शहाण्याला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

पहिली गाडी रमतगमत आली आणि बरीच अलीकडे थांबली. बाबांनी नाक मुरडलं.

दुसरी आली ती धूळ उडवतच. मी आईबरोबर बांधावर होते. चाकं फिरायची थांबली, तरी गाडी वाळल्या गवतावरून घसरत पुढेच येत होती. आईनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. अगदी शेवटी चाकं पुन्हा फिरली, गाडी झटक्यात वळली, बाबांच्या धोतराजवळून गेली आणि गर्रकन फिरून उभी राहिली.

बाबा जागचे हलले नव्हते. उलट चिडले होते.

"काहून वळवली? सरळ येऊन राह्यली होती ना!"

दादा उतरला आणि दार धरूनच उभा राहिला.

"मी बिरेक दाबला होता, बाबा. ते थांबलीच नाही."

"बैल तं मले पाहून थांबते," बाबा म्हणाले.

"पहिली गाडी इतक्या जोरात असती, तं वळलीबी नसती."

हे ऐकलं आणि बाबा मटकन खाली बसले, भर मैदानात. त्यांना असं बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

वळली तीच गाडी घेतली. बाबा असेपर्यंत ती दादानंच चालवली, पण ते समोरून हटून शेजारी येऊन बसल्याशिवाय त्यानं एकदाही चावी फिरवली नाही.