रेसच्या आदल्या दिवशीचा सत्कार

मुलगी नोकरीसाठी ब्रॅकनेलला राहायला गेली आणि आमच्या लंडनमधल्या इल्फर्डच्या घरातली तिची खोली आम्ही एका युक्रेनियन बाईला दिली. ती ट्रॅक सायकलिस्ट. आतल्या बाजूला उतरत्या गोल लाकडी ट्रॅकवर, ब्रेक नसलेली सायकल हाणत ती कित्येक वर्षं देशासाठी शर्यती खेळली होती. तिच्या गावात भाजीवालीसुद्धा तिला थांबवून फोटो काढून घ्यायची, इथे मी पहिल्याच दिवशी विचारलं, "यावर पोट भरतं?" युद्धात सराव तुटला, टीममधली जागा गेली. ती जागा तिला परत हवी होती, बाकी काही नको. लंडनमधल्या एका रविवारच्या रेसला तिच्या देशाचे निवड करणारे लोक येणार होते. पहिल्या दोघींत आली तरच आशा होती.

आता माझा शहाणपणा ऐका. एवढी नामांकित बाई माझ्या घरात, आणि मी गप्प बसू? मराठी मंडळात जाऊन बढाई मारली. झालं, आदल्या दिवशीच, शनिवारी दुपारी तिचा सत्कार ठरला. तिने काळजीने विचारलं, "किती वेळ? रेसच्या आदल्या दिवशी मी उगाच उभी राहत नाही, पाय राखायचे असतात." "अर्धा तास," मी ठोकून दिलं. आमच्या मंडळाचा अर्धा तास केवढा असतो, हे मला का माहीत नव्हतं?

शाल झाली, नारळ झाला, तीन भाषणं झाली. मी अध्यक्षांना गाठलं, "अहो, उद्या रेस आहे तिची, सोडा आता." "वहिनी, फक्त क्विक ग्रुप फोटो, प्रॉमिस!" ते म्हणाले. खुर्च्या बाजूला सरकल्या आणि तिच्यासोबत एकेकट्याने फोटो काढायला रांग लागली. मी तिचा हात ओढला, तर तिने तो सोडवून घेतला. गावी कधी कुणाला नाही म्हटलं नाही, इथेही म्हणणार नाही, एवढंच बोलली. दीड तास ती हसतमुखाने उभी होती. मला माझाच संताप आला.

रविवारी ती तिसरी आली. शेवटच्या वळणापर्यंत दुसरीच्या बरोबरीने होती, मग पाय कमी पडले. रेस बघायला आलेली मंडळाची वीसेक माणसं नाचत होती. तिसरा नंबर म्हणजे मेडल, एवढंच त्यांना ठाऊक. मला ते बघवेना.

गाडीत बसल्यावर मला रडू फुटलं. म्हटलं, "माझ्यामुळे हरलीस तू. माझ्या मिरवण्याच्या हौसेपायी."

तिने बाटलीतलं पाणी संपवलं, झाकण लावलं.

"उभी मी राहिले, हरले मी," ती म्हणाली. "माझी हार तू घेऊ नकोस. उद्या सकाळी सरावाला मला ती लागणार आहे."