पिशवी काढून टाक

पंचेचाळिशीत माझी पाळी बिघडली. कधी दोन-दोन महिने यायची नाही, आली की थांबायची नाही. भाकरी थापताना अंगातून वाफा निघायच्या आणि समोर येईल त्याच्यावर मी खेकसायची.

आमच्या गल्लीत यावर एकच इलाज, पिशवी काढायची. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनी तर पाळीपायी कामाचा खाडा पडू नये म्हणून तिशीतच काढलेली. माझ्या थोरल्या जावेनंही. तेव्हापासून तिच्या अंगाची आग होते, गुडघे धरल्याशिवाय उठता येत नाही. तरी मला म्हणायची, "काढून टाक, कटकट मिटंल."

तालुक्याच्या गावी, भूमला, डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. म्हणाल्या, "पाळी जायच्या आधी असं होतं. पिशवी चांगली आहे, काढायची गरज नाही. जवस-तीळ खा, रोज चाला, चहा कमी करा. रक्त फार गेलं तर मात्र लगेच या."

घरी जवसाची चटणी कुटता कुटता मी हे जावेला सांगितलं. तिनं निवडलेलं जवस माझ्या पुढ्यात ओतलं.

"माझी तर कुणी तपासली बी न्हाय गं," ती म्हणाली.

मला संताप आला. तो पाळीचा नव्हता.