पांढऱ्या चित्राची पूजा

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. घरात मास्तरांचा विषय निघाला की मी उठून कूलरमध्ये पाणी भरायला जातो. थंडीतसुद्धा.

मुलीने आमच्या रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या घराच्या गॅरेजमध्ये चित्रांची गॅलरी काढली. पहिलं प्रदर्शन मास्तरांचं. मास्तर म्हणजे मागच्या गल्लीत एकटे राहणारे, ऐंशी उलटलेले चित्रकार. आयुष्यभर ते चित्रातून एकेक गोष्ट काढून टाकत आले होते. आधी माणसं गेली, मग झाडं, मग रंग. शेवटी उरला पांढरा कॅनव्हास आणि खाली एक राखाडी रेघ. प्रदर्शनातल्या सगळ्यात मोठ्या चित्रात तर ती रेघही शोधावी लागे.

"बाबूजी, पेंट अभी बाकी है क्या?" चित्रं टांगणाऱ्याने विचारलं.

"हव," मी म्हणालो. समजावून सांगण्यापेक्षा हो म्हणणं सोपं होतं.

उद्घाटनाच्या सकाळी बायकोने पूजेचं ताट हातात दिलं. "पूजा केल्याशिवाय दुकान उघडता काय?"

"दुकान नाही, गॅलरी."

"विकून राहिले न? मंग दुकानच."

आमच्याकडे स्कूटर, फ्रीज, पाण्याची मोटर, काहीही हळदीकुंकवाशिवाय सुरू होत नाही. मी दाराला लावलं, भिंतीला लावलं. मोठ्या चित्राला चौकट नव्हती, म्हणून कोपऱ्यात हलकेच बोट टेकवलं. बोट ओलं होतं. चूक लक्षात आल्यावर पुसायला गेलो, तर तांबूस पट्टा चांगला वीतभर पसरला. मी ताट घेऊन आत पळालो.

संध्याकाळी सगळी गर्दी त्याच चित्रापुढे. नवा रायपूरहून आलेले एक साहेब डोळे मिटून म्हणाले, "इतने बरसों बाद रंग! क्या संयम है!" मुलगी हरखली. "बाबा, सब उसी की फोटो ले रहे हैं!"

मास्तर आले. चष्मा वर करून बराच वेळ पाहत राहिले. मागे मी, समोशांचा ट्रे धरून.

"भाऊ, हे मी कधी केलं?"

"केलं असेल," मी म्हणालो.

"मले काहीच आठवून नाही राहिलं." मग हळूच म्हणाले, "आपलंच काम आपल्याले आठवत नसंल, तर थांबलेलं बरं."

आणि ते खरंच थांबले. ब्रश धुऊन कपाटात ठेवले.

सांगून टाकायचं ठरवून मी कितीदा तरी त्यांच्याकडे गेलो. ते चहा ठेवत आणि स्वतःची परीक्षा घेत. "आज मंगळवार न, भाऊ? साखर टाकली न मी?" मी हो म्हटलं की त्यांचा चेहरा खुले. "तुम्ही आहा म्हणून बरं आहे. तुम्ही खरं सांगता." मी चहा पिऊन परत येई. साखर बहुतेक वेळा दोनदा पडलेली असे, तेही मी सांगितलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात मास्तर गेले. त्यांच्या फाटकापाशी दर वेळी जुळवलेलं आणि घशातच राहिलेलं वाक्य एवढंच होतं: मास्तर, तुम्ही काही विसरला नव्हता, ते बोट माझं होतं, मला माफ करा.