चावीवर कोण आहे?

आमच्या मामंजींना गॅसला हात लावायची बंदी होती. मामंजी म्हणजे माझे सासरे. बंदी सासूबाईंनी घातलेली, तेव्हा दाद मागायची कुणाकडे?

मामंजींचा उभा जन्म एका कारखान्याच्या कँटीनमध्ये गेला. ते आचारी नव्हते, शेगड्यांचे मिस्तरी होते. ज्योत जरा पिवळी दिसली की आचारी हातातला डाव टाकून त्यांना शोधत सुटायचे. आणि निवृत्त झाल्यावर हेच मामंजी एका सकाळी दूध तापत ठेवून बाहेर शेजाऱ्यांशी बोलत उभे राहिले. दूध उतू गेलं, ज्योत विझली, घरभर गॅस. मी देवापुढे बसून दिव्याला काडी लावणार, तेवढ्यात वास आला. हात तसाच थांबला. देवानेच थांबवला, असं मी आजही मानते.

त्या दिवशी सासूबाईंनी लायटर उचलून देवाच्या कपाटात ठेवला. "यांची आठवण गेली," त्या म्हणाल्या. "आता चहासुद्धा हातात द्यायचा."

मामंजी थर्मासमधला चहा काढा प्यायल्यासारखं तोंड करून पिऊ लागले. चहाचं एक वेळ सोडा, पण आठवण गेली हे सगळ्यांनी मनात धरलं. चष्मा घेतलात का, आज वार कोणता, दाराला कडी लावलीत का, अशी येताजाता परीक्षा सुरू झाली. ते सगळी उत्तरं बरोबर द्यायचे.

मग वन्संनी, म्हणजे माझ्या नणंदेने, नवं घर भाड्याने घेतलं. आम्ही सगळे ते बघायला गेलो. मागच्या अंगणात आधीच्या भाडेकरूने गॅसवर चालणारी एक बार्बेक्यू ग्रिल टाकून दिली होती. एक चाक गेलेलं, जाळ्यांवर गंज, झाकणाच्या आतून काळे पापुद्रे लोंबत होते.

"रंग सुटलाय. भंगारवाल्याला फोन करतो," आमचे हे म्हणाले.

मामंजींनी एक पापुद्रा नखाने काढून चुरडला. "रंग नाही हा, जळलेलं तेल आहे. फोन ठेव. रविवारी यावर सगळ्यांना कणसं भाजून घालतो."

"आणि भडका उडाला म्हणजे?" सासूबाई.

"तर तुला आधी कळवीन."

"आई, करू दे ना बाबांना," वन्सं म्हणाल्या.

"तू नको मध्ये बोलू. तुला काय, बाबा म्हणतील ती पूर्व दिशा!" मग मामंजींकडे वळून त्यांनी निकाल दिला, "घासा, पुसा, काय हवं ते करा. पण पेटवाल तेव्हा मी समोर बसणार. एक चूक दिसली, की पुन्हा शेगडीचं नाव काढायचं नाही. जन्मात."

"कबूल," मामंजी म्हणाले. मला मदतीला दिलं, म्हणजे खरं तर पहाऱ्याला.

जाळ्या आम्ही धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात बुडवून ठेवल्या. मी तारेच्या ब्रशने घासत होते, ते माझ्यामागून ओल्या फडक्याने पुसत होते. "ब्रशची एक तार राहिली तर कुणाच्या तरी घशात जाईल, सूनबाई." झाकण खरवडलं, तळाच्या ट्रेमधलं घट्ट झालेलं तेल उलथन्याने काढलं. बर्नरच्या नळ्या सोडवून त्यांनी एकेक डोळ्याला लावली. शेवटच्या नळीतून तारेने कापसासारखा गोळा बाहेर ओढला. कोळ्याचं घर! "हा आत राहिला असता तर गॅस पुढे न जाता मागे बटणाशी पेटला असता." आठवण गेलेला माणूस असा असतो होय, मी मनात म्हटलं.

रविवारी सासूबाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या. नवी रबरी नळी बसवून मामंजींनी सांध्यांना साबणाचा फेस लावला. एका ठिकाणी बुडबुडा आला.

"गळतंय!" सासूबाई उठल्याच.

"दिसलेला बुडबुडा चांगला. बस खाली." त्यांनी पाना फिरवला, पुन्हा फेस लावला. यावेळी फेस जागचा हलला नाही. मग झाकण उघडं ठेवून त्यांनी ग्रिल पेटवली. सगळे बर्नर एका ओळीत निळे झाले. वन्संनी टाळ्याच वाजवल्या.

कणसं खमंग भाजली. मामंजींनी ती ताटात घेतली, "बंद!" असा खणखणीत आवाज दिला आणि ताट घेऊन आमच्याकडे निघाले. मागे सगळ्या ज्योती तशाच जळत होत्या.

"बघितलंत?" सासूबाई हळूच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आमच्या ह्यांनी मान खाली घातली.

मामंजी वळले. ज्योतींकडे बघितलं, मग सिलिंडरकडे. "चावीवर कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"कुठल्या चावीवर?" मी म्हटलं. "बंद कुणाला म्हणालात?"

"चावीवरच्या माणसाला." मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. कँटीनमध्ये गॅसची मोठी चावी भिंतीवर होती आणि तिथे कायम एक माणूस उभा असायचा. आगीवरच्याने नुसतं "बंद" म्हणायचं, चावी त्याने फिरवायची. "मागे वळून बघायची वेळ त्याने कधी आणली नाही. घरात तो नसतो, हे मला कळायला हवं होतं. चूक माझीच."

सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "दुधाच्या दिवशीही तुम्ही असाच आवाज दिला होतात. मी अंथरुणं काढत होते. म्हटलं, केलं असेल."

"म्हणजे बाबांची आठवण गेलेली नाही," वन्सं म्हणाल्या.

"गेली असती तर बरं होतं गं," सासूबाईंनी ताटातलं कणीस उचललं. "ही जास्तच राहिली आहे!"

मी सिलिंडरपाशी गेले, चावी फिरवली आणि मोठ्याने म्हटलं, "बंद केलं!" ज्योती एकेक करून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी लायटर देवाच्या कपाटातून ओट्यावर आला. आता सकाळचा चहा मामंजी करतात आणि सासूबाई रेग्युलेटरवर हात ठेवून शेजारी उभ्या असतात.

"बंद!"

"केलं. ओरडता काय, मी इथेच आहे."

दोन्ही आवाज ऐकू आले, की मी देवापुढे काडी ओढते.