ठावं हाय, का वाटतंय?

लढाईच्या दिवसांत सांगलीजवळ आमची हळद शेजारी शेजारी, जमिनीतल्या पेवांत होती. पेवाचं तोंड मातीनं लिंपलं की विकेपर्यंत उघडायचं नाही, म्हणजे काळजीला मोकळं रान! माझे पेवशेजारी अण्णा मात्र ज्ञानी. पावसाळ्यात कुणी "पाणी शिरलं असंल" म्हणालं, की ते आधी मिशी पुसत आणि सावकाश विचारत, "हे तुला ठावं हाय, का नुसतं वाटतंय? वाटतंय न्हवं? मग त्या वाटण्यालाच इचार, तू कोण रं?" एवढं सांगून स्वतः घोरायला मोकळे. त्यांच्या मनःशांतीवर मी फार जळायचो.

त्या श्रावणात कृष्णा चढली. तीन दिवस मी वाटण्याला इमानानं विचारलं. उत्तर एकच येई, "शिरलं." चौथ्या दिवशी उजाडताच पेवांकडे पळालो, तर हे महाराज आपल्या पेवावर पालथे पडून, ओल्या लिंपणाला नाक लावून, कुबट वास येतो का बघत होते.

"अण्णा, ठावं हाय, का वाटतंय?" मी संधी साधली.

"गप रं. वास घिऊ दे."

मी हसत हसत माझ्या पेवाशी वाकलो. लिंपणावर दोन तळहात ताजे उमटले होते, आणि मधोमध त्याच नाकाचा ठसा.